बिननावाचा करडा चौकोन

तुळसीला नुसतं तुळसी म्हणणारं आता म्हैसूरच्या चामराजपुरमात कुणी उरलेलं नाही. लहानथोर सगळ्यांची ती तुळसक्का. तुंगाबाईंच्या केटरिंगमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तिची लेक नुकती शाळेत जायला लागली होती. तासभर पापड लाटून घरी जाईन म्हणून आलेली बाई, ती तिथंच रुजली. आज लेकीची लेक शाळेत जाते आणि तुळसक्का अजून तिथंच आहे.

स्वयंपाकात तिचा हात यथातथाच, हे ती स्वतःच सांगते. तिचं काम तारखांचं. कुणाकडे कधी पंगत, कुठला आचारी कुठं, मोठं पातेलं कुठल्या गाडीत, हे सगळं तिच्या डोक्यात. आणि त्याच्या जोडीला काळजी. काळजी करायला तिला कारण लागत नाही. सगळं सुरळीत चाललं असलं तर इतकं सुरळीत कसं काय, म्हणून ती घाबरते. तुंगाबाई म्हणायच्या, तुळसी घाबरतेय तोवर मला झोप लागते.

तुंगाबाईंकडे दोन चुली. पुढच्या स्वयंपाकघरात लग्नामुंजीचा स्वयंपाक. मागच्या अंगाला एक छोटी खोली, तिथं फक्त श्राद्धाचा. तिथली भांडी वेगळी, शेगडी वेगळी, मिरचीऐवजी मिरी, आणि आचारी एकच, वेंकोबा. तो मडीत, म्हणजे सोवळ्यात, शिरला की त्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही. खरं तर धंद्याची सुरुवात त्या खोलीतूनच झाली. नोकरीवाल्या घरांत सोवळ्यातलं करणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तुंगाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. कुणाच्याही घरचे पितर उपाशी जाता कामा नयेत, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचा एक नियम होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात लग्नं-मुंजी लाल शाईनं, नावासकट लिहायच्या. श्राद्ध मात्र लिहायचं नाही. तिथं पेन्सिलीनं करडा चौकोन भरायचा, बस्स. जिवंत माणसांच्या घराचं नाव आणि तो शब्द एका ओळीत कशाला, लिहिलं की बोलावल्यासारखं होतं, असं त्या म्हणत. मग कुणाचं ते कसं कळायचं? पदराला गाठ मारतात तसं. गाठीवर नाव कुठं लिहिलेलं असतं? गाठ दिसली की आपलं आपल्याला आठवतं. तुळसक्काला आठवायचं. आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

तुंगाबाई गेल्यावर त्यांचा मुलगा विश्वेश कारभार बघू लागला. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि फोनमधलं आणलं. एकानं लिहायचं, सगळ्यांच्या फोनमध्ये दिसायचं. विश्वेश, तुळसक्का, वेंकोबा, आणि गेल्या वर्षी लग्न होऊन बंगळुरूहून आलेली त्याची बायको प्रार्थना, अशी चौघं त्यात. तुळसक्का कुरकुर करत शिकली आणि शिकली ती चांगलीच शिकली. पण नियम तिनं सोडला नाही. लग्न असलं की लाल रंग आणि नाव. श्राद्ध असलं की करडा रंग आणि नाव नाही. फोन बिचारा आपणहून खाली लिहायचा, ‘शीर्षक नाही’. लिही बापडा, म्हणायची ती.

त्या दिवशी, माघातल्या एका गुरुवारी, सकाळी सातला वेंकोबाचा फोन आला. त्याचं मराठी असं की अर्ध्या वाटेत कन्नडात शिरतं आणि परत यायचं विसरतं. आज आपल्या नावावर काहीच दिसत नाही, तर नंजनगूडला देवाला जाऊन येऊ का, असं तो विचारत होता. बसस्टँडलाच होता.

तुळसक्का हो म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. मग ती थबकली.

आजचा दिवस रिकामा नव्हता. तिला पक्कं आठवत होतं. बन्नीमंटपच्या एका घरचा साखरपुडा आजच हवा होता आणि तिनंच त्यांना, गुरुवारी नाही जमायचं, असं सांगून शुक्रवारावर ढकललं होतं. का ढकललं? गुरुवारवर करडा चौकोन होता म्हणून. ती वेंकोबाला म्हणाली, आहेस तिथंच थांब, बसमध्ये चढू नकोस. फोन ठेवून तिनं कॅलेंडर उघडलं. गुरुवार कोरा. तिनं पुढचा आठवडा बघितला, मागचा बघितला. लाल होते तेवढे सगळे जागेवर. करडा एकही नव्हता.

प्रार्थना कॉफी घेऊन आली तर अक्का पांढरीफटक. काय झालं ते कळल्यावर त्या पोरीचाही चेहरा उतरला. ते चौकोन तिनंच पुसले होते. काल दुपारी बसून कॅलेंडर साफ केलं होतं, शाबासकी मिळेल म्हणून. नाव नाही, पत्ता नाही, वेळ नाही. चुकून बोट लागून पडले असतील असं तिला वाटलं. तिच्या फोनमधून काढले आणि चौघांच्या फोनमधून गेले.

तुळसक्काला रागवायचं होतं. पण रागवणार कोणत्या तोंडानं? त्या पोरीला करड्या रंगाचा अर्थ कुणी सांगितला होता का? न सांगणं हाच तर नियम होता.

प्रार्थना म्हणाली, थांबा अक्का, काढलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात असतं, परत आणता येतं. खटाखट बोटं चालवली आणि खरंच, एकेक करडा चौकोन परत आला. गुरुवारचाही आला. तुळसक्काचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. चौकोन आला, नाव कुठं होतं? करडा रंग, आजची तारीख, आणि खाली ‘शीर्षक नाही’. सुटलेली गाठ कुणीतरी पुन्हा मारून दिली होती, पण ती कशासाठी मारली होती ते काही केल्या आठवेना.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिला जागा आठवायची. खिळ्याच्या खालचा चौकोन म्हणजे अमके, कोपरा दुमडलेला म्हणजे तमके. फोनमध्ये कसला खिळा आणि कसला कोपरा! तिनं डोळे मिटले, देवाला हाक मारली. आठवत होता फक्त करडा रंग.

दुपार व्हायच्या आत पान मांडायला हवं. कुठल्या तरी घरात आत्ता कुणीतरी आंघोळ करून, काही न खाता, आमच्या भरवशावर बसलंय, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिथं आपली गाडी जाणार नाही. दारात ब्राह्मण येतील आणि घरात शिजलेलं काही नसेल. तुंगाबाईंनी जन्मभर जपलेलं एका सकाळीत जाणार, तेही तिच्या हातून.

तिनं फोन लावायला सुरुवात केली. पण विचारणार काय? आज तुमच्याकडे श्राद्ध आहे का हो, असं सकाळी सकाळी कुणाच्या घरी विचारतात? नसलं तर जन्मात तोंड बघायचे नाहीत. मग काय, बाकी सगळं बरं ना, आज आमच्याकडून काही हवं होतं का, सहजच केला फोन. एका घरी त्यांना वाटलं अक्का नवीन मेनू खपवतेय. दुसऱ्या घरच्या बाईनं जावयाच्या तक्रारी सुरू केल्या आणि तुळसक्का घामाघूम होऊन हं हं करत राहिली. तिसऱ्यांनी फोन उचलला नाही, तर ती धरूनच बसली की हेच ते, मडीत असतील म्हणून फोनला शिवत नाहीत. तिनं वेंकोबाला परत बोलावून मागच्या खोलीत घातलं. डाळ भिजत घाल म्हणाली. कुणासाठी, त्यानं विचारलं. कुणासाठी ते नंतर, आधी भिजव.

तिसरे लोक नुसते फिरायला गेले होते, हे थोड्या वेळानं कळलं. आता विचारता येण्यासारखं एकच घर उरलं, गुंडेरावांचं. निवृत्त संस्कृत मास्तर, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. त्यांच्याशी तुळसक्काला आडपडदा ठेवता आला नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

गुंडेराव म्हणाले, आमच्या वडिलांचं कार्तिकात, ते झालं की. मग पुटपुटत आजची तिथी मोजू लागले.

“आज वद्य दशमी ना, तुळसक्का? तुंगाबाई गेल्या ती दशमीच. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, मी तसाही उपाशीच होतो, म्हणून लक्षात राहिलं.”

आजचा चौकोन तुंगाबाईंचाच होता.

शंभर घरं तिनं मनात चाळली होती. गिऱ्हाइकांची सगळी. हे घर चाळलंच नव्हतं. घरच्या माणसाची आठवण ऑर्डर म्हणून कोण करतं? गेल्या वर्षी पहिलं होतं तेव्हा विश्वेशच्या काकांनी येऊन सगळं केलं. यंदाची तिथी पंचांगात बघून तिनंच चौकोन भरला होता. मी बघते, तू काळजी करू नकोस, असं विश्वेशला म्हणालीही होती. आणि नाव लिहिलं नव्हतं, कारण तुंगाबाईंनी शिकवलं होतं. आज सकाळी त्यांच्या फोटोला उदबत्ती लावून ती कामाला लागली होती. तेव्हासुद्धा काही हललं नाही. तिला स्वतःची अशी लाज वाटली की रडूही येईना.

आणि मग नवीन भीती. विश्वेश पहाटेच हिनकलला गेला होता, एका गृहप्रवेशाचा नाश्ता घेऊन. श्राद्ध करणाऱ्यानं सकाळपासून काही खाल्लेलं चालत नाही. तिथं इडल्या, केसरीभात, कॉफीची पिंपं भरलेली. इतक्या वेळात खाल्लं नसेल? एक घास गेला असला की आजचा दिवस गेला. नंबर प्रार्थनेनं लावून दिला.

“विश्वेश, सकाळपासून काही खाल्लंस?”

“नाही अक्का. पंगत अजून उठायचीय. का?”

“कॉफी?”

“अक्का, आईचा नियम तुम्हाला ठाऊक नाही का? पंगत उठल्याशिवाय आपण पाणीसुद्धा प्यायचं नाही.”

तुळसक्कानं फोन कानापासून दूर धरला. मग परत कानाला लावला आणि सांगितलं. त्यानं तिला दोष दिला नाही. निघतो, एवढंच म्हणाला.

पुढचं सगळं घाईत झालं. भटजींना गळ घातली, ते दुसरं काम उरकून यायला तयार झाले. ब्राह्मण कमी पडत होते तर गुंडेराव स्वतः म्हणाले, मी येतो पानावर, तुंगाबाईंच्या हातचं पुष्कळ जेवलोय. मागच्या खोलीत वेंकोबानं वडे तळायला घेतले. आता त्याला कुणासाठी ते कळलं होतं आणि तो एकेक वडा जपून तेलात सोडत होता. सासूला कधी न पाहिलेली प्रार्थना दाराबाहेर उभी राहून, अंतर राखून, केळीची पानं पुसत होती. पुसता पुसता तिनं भीत भीत विचारलं की अक्का, या करड्या चौकोनांचं पुढं काय करायचं.

तुळसक्कानं फोन हातात घेतला. आजचा चौकोन उघडला. ‘शीर्षक नाही’वर बोट ठेवलं. फोटोकडे बघून म्हणाली, माफ करा हो बाई, पण माझ्यावर आता भरवसा ठेवू नका. आणि एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं: तुंगाबाई, श्राद्ध, आपल्या घरी.

प्रार्थनेचा फोन वाजला. मागच्या खोलीबाहेरच्या खुंटीवर, वेंकोबाच्या पिशवीत वाजला. फाटकाशी विश्वेशची गाडी थांबत होती, त्याच्या खिशात वाजला. त्यानं फोन काढून वाचलं, चपला बाहेर काढल्या, आणि आंघोळीला पाणी तापलंय का, असं विचारलं.