कमांडरचे उसासे

माझे साडू बसस्थानकावर घोषणा करतात. “गाडी फलाट चारवर येत आहे, प्रवाशांनी घाई करू नये.” वाक्य एवढंच, पण त्यांच्या आवाजात ऐकलं की बाकावर पेंगणारा माणूससुद्धा सरळ बसतो आणि आपली पिशवी चाचपतो. हा आवाज आधी कुठेतरी ऐकलाय असं बऱ्याच जणांना वाटतं. मग एखादी आई पोराला घेऊन घोषणेच्या खिडकीशी येते आणि विचारते, “तुम्ही ‘सातवं यान’मधले कमांडर ना हो?” साडू गंभीरपणे मान डोलावतात आणि पोराला विचारतात, “खलाशी, पट्टा बांधलास का?”

मी डबिंगच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. बाहेरचे सिनेमे आमच्याकडे येतात आणि आपल्या भाषेत बोलायला लागतात. ‘सातवं यान’ ही त्यातलीच एक अंतराळावरच्या सिनेमांची मालिका. त्यातला कमांडर म्हणजे एका खटारा यानाचा कप्तान. तोंडाने फटकळ, विनोद तिसऱ्या दर्जाचे, जेवणाच्या नावाने कायम बोंब. पण सगळी माणसं आत चढल्याशिवाय तो यान हलवत नसे. साडूंनी शाळकरी वयात त्याचा पहिला सिनेमा पाहिला आणि ते जे त्याच्या नादाला लागले ते कायमचेच. पुढे डबिंगसाठी ठरलेला नट इंजिनाला आग लागल्याचं मिठाईचा भाव विचारल्यासारखं सांगायला लागला, तेव्हा वैतागून मीच साडूंना स्टुडिओत नेलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सगळा प्रसंग तोंडपाठ म्हणून दाखवला. काचेपलीकडे मी नुसता ऐकत राहिलो. त्या दिवसापासून त्यांचं नाव कमांडर. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, तीसुद्धा म्हणते, “कमांडर, गॅस बंद केलात का?”

पुढचे सगळे भाग त्यांनीच केले. बसस्थानकातून रजा काढून यायचे, कोमट पाणी प्यायचे आणि उभं राहून बोलायचे. बसून आज्ञा देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग मालिका विकली गेली आणि नवा भाग एका थोर दिग्दर्शकाच्या हाती आला. हा गृहस्थ प्रकाशाचा कवी आहे, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. साडूंनी त्याचा आधीचा सिनेमा मुद्दाम पाहून घेतला.

“कसा होता?” मी विचारलं.

“दोन तास एक माणूस खिडकीत उभा असतो. शेवटी कळतं की खिडकीच नव्हती.”

“मग?”

“मग लोक टाळ्या वाजवतात. सुटल्याच्या.”

तरी त्यांनी आशा सोडली नाही. यान आहे, कमांडर आहे, याने कितीही बिघडवायचं म्हटलं तरी किती बिघडवेल? रेकॉर्डिंगच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी संवादांचे कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी मागेपुढे उलटून पाहिलं.

“बाकीचे कुठायत?”

“एवढेच आहेत.”

“आणि हे जागोजागी काय लिहिलंय? उसासा. दीर्घ उसासा. उसासा, पण आतल्या आत.”

फिल्म कंपनीचा एक माणूस देखरेखीला आला होता. गळ्यात मफलर, खोलीत उकडत असताना. तो अदबीने म्हणाला, “सरांच्या सिनेमात शब्द कमी असतात. कमांडरचं दुःख श्वासातून यायला हवं.”

“त्याला दुःख कसलं आहे?”

“असण्याचं.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे पाहिलं.

सकाळभर आम्ही उसासे रेकॉर्ड केले. पडद्यावर कमांडर धुक्यात उभा, कमांडर राखेत उभा, कमांडर एका भिंतीसमोर उभा. मफलरवाला दर वेळी डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, “छान. पण थोडा अजून रिकामा.”

“रिकामा म्हणजे?”

“ज्यात विश्वाचं एकाकीपण आहे असा.”

“माझ्याकडे जिना चढल्याचा आहे आणि शेवटची बस चुकल्याचा आहे. यातला कुठला चालेल?”

मफलरवाल्याने खरोखर विचार केला. “बसचा,” तो म्हणाला.

इथपर्यंत साडू चेष्टेवर नेत होते. मग तो प्रसंग आला. ग्रह पेटलाय, खलाशी यानाकडे धावतायत, आणि कमांडर दार बंद करून निघून जातो. का, तर कशालाच काही अर्थ नाही म्हणून. पाठमोरा उभा राहून तो म्हणतो, “कोणी वाचलं काय, न वाचलं काय, तारे तसेच राहतात.”

साडूंनी तो तुकडा एकदा पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग हेडफोन गळ्यात उतरवून म्हणाले, “हे चुकून आलंय का?”

“नाही, हाच तर सिनेमाचा गाभा आहे,” मफलरवाला म्हणाला.

“माणसं मागे टाकून पळाला, हा गाभा?”

“सरांना नायकाची जुनी कल्पना मोडायची होती.”

“मग स्वतःची एखादी बनवून मोडायची होती. आमची कशाला मोडली?” साडूंचा आवाज चढला नव्हता. बसस्थानकावर असतो तेवढाच होता, म्हणून जास्त लागला. “हे बघा, तो पाठमोरा आहे. ओठ दिसत नाहीत. मी म्हणतो, ‘थांबा, अजून कोण यायचंय?’ तेवढ्याच लांबीत बसतं. पुढे दार बंद होऊ दे तुमचं.”

मफलरवाला बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. सरांच्या कार्यालयाने कळवलं होतं की वाक्य बदलणार नाही, आवाज मात्र बदलता येईल.

मी काचेमागून हळूच म्हणालो, “कमांडर, एक वाक्य तर आहे. बोलून टाका.”

“तुम्ही बोला,” ते मला म्हणाले. “नाहीतर त्यांच्या सरांना सांगा. मी त्या माणसाच्या तोंडून हे काढणार नाही.” त्यांनी हेडफोन नीट गुंडाळून खुंटीला लावला, पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायले आणि निघून गेले. दुपारी फलाटांवर त्यांचा आवाज नेहमीसारखा चालू होता.

ते वाक्य पुढे एका नावाजलेल्या नटाने म्हटलं. सकाळचे उसासेसुद्धा त्याने नव्याने केले. फार रिकामे होते, यात शंका नाही.

साडू हा सिनेमा बघणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी ताईला आणि मला घेऊन ते थिएटरात हजर. दिग्दर्शकाचं नाव आलं तशा टाळ्या पडल्या. कमांडर दार बंद करून निघाला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतला एक दाढीवाला चक्क रडत होता. साडूंनी त्याच्या डोक्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि अख्ख्या सिनेमात एकदाच तोंड उघडलं, “याला उतरवा कोणीतरी.” ताईने त्यांचा दंड दाबला. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “मला आवडलं नाही, पण धुकं छान होतं.” त्यावर ते घरापर्यंत दोन पावलं पुढेच चालत राहिले.

खरी मजा पुढे झाली. मालिकेच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक मोठा गट होता, साडू त्यात टोपणनावाने होते. तिथे दोन तट पडले. एका तटाला सिनेमा म्हणजे साक्षात्कार वाटला, आणि ज्याला वाटला नाही तो अडाणी. दुसऱ्या तटाने दिग्दर्शकाला सोडून वैमानिकाचं काम करणाऱ्या नव्या मुलीलाच धारेवर धरलं. तिचं नाक, तिची चाल, तिची जात काय न् वय काय. साडूंनी लिहिलं, “त्या पोरीचा काय दोष? ती कागदावरचं बोलली. कागद कोणी लिहिला ते बघा. आणि साक्षात्कारवाल्यांनो, कंटाळा आला की त्याला खोली म्हणायचं हे कोणी शिकवलं?”

दोन्ही तट एक होऊन त्यांच्यावर तुटून पडले. हे म्हातारे जुन्याला कवटाळून बसतात, हे नव्याला फितूर झालेत, असं एकाच वेळी. शेवटी एकाने निकाल दिला, “काका, तुम्हाला कमांडर कधी कळलाच नाही.”

साडूंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसायला लागले. इतके की ठसका लागला, ताई पाणी घेऊन धावली. मग त्यांनी तो गट सोडला. आपण कोण आहोत ते तिथे सांगितलं मात्र नाही. “सांगून काय,” ते म्हणाले, “मग यांनी सह्या मागितल्या असत्या. ते तर त्याहून वाईट.”

पण घाव होता. काही महिने त्यांनी डबिंगचं नाव काढलं नाही. खिडकीशी पोरं आली तर “ते काम आता दुसरे करतात” म्हणायचे आणि घोषणेचं बटण दाबायचे. सिनेमाला बक्षिसं मिळत गेली. दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलं की जुने भाग त्याने पाहिलेच नाहीत, आपली दृष्टी गढूळ होऊ नये म्हणून. साडू म्हणाले, “हे त्याचं पहिलं खरं वाक्य.”

त्यानंतर माझ्याकडे लहान मुलांची एक कार्टून मालिका आली. नायक पिवळा बुलडोझर. मी घाबरतच साडूंना विचारलं. त्यांनी मख्खपणे कागद मागितले, बसस्थानकाच्या उपाहारगृहात चहा घेता घेता सगळे वाचले आणि मान वर करून म्हणाले, “याला स्वभाव आहे.”

“बुलडोझरला?”

“खड्डा दिसला की बुजवतो. वाटेत बदक बसलं तर थांबतो आणि बदकाला शिव्या घालतो. असण्याचं दुःख वगैरे काही नाही, कामं पडलीयत त्याला.”

आता दर पंधरवड्याला ते येतात. मधे ‘सातवं यान’चा पुढचा भाग लागला, त्याच थोर हातचा. ताईने विचारलं, जायचं का. त्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. बुलडोझर चिखलात रुतला होता आणि क्रेनने त्याला ओढायचं होतं. साडू माईकसमोर उभे राहून बदकावर, क्रेनवर आणि चिखलावर एका दमात ओरडले. मी टेक मंजूर केला.

“छे,” ते म्हणाले, “बदकाला कमी पडलं. पुन्हा लावा.”