सुकदेवने सोडलेला चोर

रुमालाखालच्या सौद्यात मी आयुष्यात एकाच माणसाकडून हरलो, आणि तो बैल विकायला आलेला नव्हता. पारोळ्याच्या बैलबाजारात मी वीस वर्षं दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका आकडा. त्या दिवशी मी सुकदेवची चार बोटं धरायला गेलो, तर त्याने मूठ आवळलेली. तीन धरू म्हटलं, दोन धरू म्हटलं, मूठ उघडेना. सौदा पैशाचा नव्हता. आमच्या पिक्चरच्या दुसऱ्या भागात त्याने किती चापटा खायच्या, याचा होता.

"एक तरी?" शेवटी मी तोंडाने विचारलं.

"आबा, मी आते चापट खावाव नही," तो म्हणाला. "एक बी नही."

सुकदेव पिंपळनेरचा. धुळे-पिंपळनेर गाडीवर कंडक्टर होता आणि दर जयंतीला बुद्धविहारासमोर नाटक बसवायचा. अंगाने काडी, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पहिल्या भागात त्याला घेतलं तेव्हा मी म्हणालो, तुझ्याकडे खाकी आहेच, तीच घाल, शिलाई वाचेल. तो म्हणाला, "ती खाकी पगारानी शे. तिले मार नको." आणि स्वतःच्या मापाची दुसरी खाकी शिवून आला.

तेव्हा गावोगाव व्हिडिओ हॉल चालत. धुळ्यात लग्नाचं शूटिंग करणारा युसूफ होता, त्याच्याकडे खांद्यावरचा कॅमेरा होता. माझ्याकडे एक जीप होती, तिला पुठ्ठ्यावर 'पोलीस' लिहून लावलं. खऱ्या पोलिसांनी हटकल्यावर त्याखाली बारीक अक्षरात 'नाटकापुरते' असंही लिहिलं. गोष्ट दोन हवालदारांची. उंच, दांडगा हवालदार म्हणजे यावलचा चिंतामण पैलवान, आणि बुटका म्हणजे सुकदेव. चोर निसटला की चिंतामणने सुकदेवच्या थोबाडीत द्यायची. अशा चौदा चापटा होत्या. चिंतामणचा हात गालाला नुसता लागायचा. आवाज आम्ही नंतर केळीच्या खांबावर चप्पल मारून भरला. त्या आवाजावर अख्खा खानदेश हसला.

पिक्चर चालला आणि पाटीवर निर्माता म्हणून नाव लागलं धुळ्याच्या शेठचं. व्हिडिओ हॉल त्याच्या हातात, कॅसेटी त्याच्या हातात. जीप माझी, जेवण माझं, माणसं मी गोळा केलेली. आणि माझं नाव कुठे, तर 'वाहनव्यवस्था' या शब्दाखाली. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "दलाल, तुझं नाव आलं हेच खूप झालं." हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. दुसऱ्या भागाच्या वेळी मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, निर्माता म्हणून माझं नाव. त्याने एकच अट घातली. "चापटा पाहिजेत. लोक त्या बुटक्याचा मार बघायला येतात."

चापट न खाण्याचं कारण सुकदेवने मला आधीच सांगितलं होतं. पहिला भाग लागल्यापासून गाडीत लोक त्याच्या गालावर चापट मारून तिकीट मागत. ओळखीचे मारत, अनोळखीही मारत. आणि सगळी गाडी हसे. मी म्हणालो, अरे, ही प्रसिद्धी आहे. तो एकेक शब्द तोलून म्हणाला, "आबा, मन्हा आजानी खाद्यात. बापनी चुकाड्यात. मी हौशीखातर खाद्यात. आते बस."

आजाने खाल्लेल्या, बापाने चुकवलेल्या चापटा कसल्या, ते मला तेव्हा समजलं नाही. समजून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

यावलजवळच्या केळीच्या बागेत दुसऱ्या भागाचं शूटिंग लागलं. चापट नाही, या बोलीवर सुकदेवही आला. मारामारीत पडायला गाद्या नव्हत्या, म्हणून वाळलेल्या केळीच्या पानांचे ढीग केले. गोळीबाराला दिवाळीच्या उरलेल्या लवंग्या. जीप पाटाच्या बांधावरून उडवायची होती. ती उडाली नाही, रुतली. तेव्हा सुकदेवनेच सुचवलं की दोन्ही हवालदार उतरून जीप ढकलतायत आणि चोरही मदतीला येतो, असं करू. असं त्याचं डोकं चालायचं.

चौथ्या दिवशी चोर पकडण्याचा प्रसंग होता. चोर केळीच्या झाडाला बांधलेला, आणि त्याला कोणी पकडलं यावरून दोघांची तक्रार. मी चिंतामणला बाजूला घेतलं. "बोलता बोलता एक ठेवून दे. कॅमेरा चालू असला की तो थांबणार नाही."

"आबा, सुकाभाऊला इचारलं ना?"

"विचारलंय," मी म्हणालो.

चिंतामण सरळ माणूस. गडबडीत त्याचा हात चुकला आणि चापट खरीच बसली. केळीच्या खांबाची गरज पडली नाही. सुकदेवची टोपी उडाली. चिंतामण जागीच थिजला. सुकदेवने टोपी उचलली, झटकली, आणि कॅमेऱ्याकडे न बघता झाडाजवळ गेला. चोराच्या दोरीची गाठ सोडली.

"जाय रे भाऊ," तो चोराला म्हणाला. "तू केळं चोरात. आठे तुन्हापेक्षा मोठा चोर शेतस."

टोपी त्याने चिंतामणच्या हातात दिली आणि सरळ माझ्या बाजूला चालत आला. युसूफने कॅमेरा बंद केला नाही. सुकदेव माझ्याजवळून निघून गेला, बांध ओलांडला, रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी मागून खूप ओरडलो, वाटेल ते बोललो. तो पहिल्या गाडीत बसून गेला.

आठ दिवसांनी मी धुळ्याला त्याच्या गाडीत चढलो. त्याने माझ्याकडे बघितलं, तिकीट फाडलं आणि पुढे गेला. धुळ्यापासूनच एक पांढऱ्या कपड्यातला, वजनदार माणूस बसला होता. कुसुंबा मागे पडल्यावर सुकदेव जवळ येताच त्याने त्याच्या गालावर चापट मारली. "काय हवालदार, चोर सापडला का?" गाडी हसली. मी बघत होतो. त्या माणसाने एखाद्या ब्राह्मणाच्या किंवा पाटलाच्या गालाला असा हात लावला असता का, हे मला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. मी उठून त्याचं मनगट धरलं.

"आबा, बसा," सुकदेव म्हणाला. "मन्ही गाडीमा भांडण मी करसू."

त्याने घंटी वाजवली. गाडी थांबली. "हात लावणारा उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही," तो म्हणाला. हे मात्र त्याने चोख ऑफिसच्या मराठीत सांगितलं.

"अरे, गंमत केली."

"मी ड्युटीवर आहे."

ऊन चढलं होतं. लोक आधी सुकदेववरच चिडले. मग टोपली घेऊन बसलेली एक अक्का त्या माणसाला म्हणाली, "उतर ना रे भाऊ, मन्हा दवाखाना बंद व्हई जाई." तिच्यामागून आणखी दोघं बोलले. माणूस उतरला. सुकदेवने त्याच्या तिकिटाचे उरलेले पैसे खिडकीतून मोजून परत दिले आणि डबल घंटी मारली.

पिंपळनेरच्या स्टँडवर मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणालो, "पिक्चर पुरा करायचा आहे. काय घेशील ते सांग."

"जे घडनं ते पडदावर ऱ्हाई," तो म्हणाला. "चापट बी, नि तिन्हा पुढलं बी. काप्यं तर मी नही."

मी कबूल केलं. पिक्चर पुरा झाला. शेठने कॅसेट बघितली आणि म्हणाला, "चापट झकास. तिच्यापुढचं काप." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग तुझं नाव विसर आणि माझे हॉलही विसर. मी कॅसेट काढून घेतली. जीपमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर टाकून पारोळा, यावल, पिंपळनेर असा मीच गावोगाव फिरलो. पिंपळनेरला चापटीवर लोक नेहमीसारखे हसले. मग पडद्यावर दोरी सुटायला लागली तसं हसू विरलं. मागून कोणी ओरडलं, "पुढे घ्या." सुकदेव उठून टीव्हीच्या बाजूला उभा राहिला. "बठ्ठं दखनं पडी," म्हणाला. सगळ्यांनी सगळं बघितलं. शेठ आजही सांगतो की दुसरा भाग पडला. सांगू दे.

सुकदेव निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गेला. धुळ्यात शोकसभा झाली. शेठ मोठा माणूस, म्हणून त्याला सगळ्यात आधी बोलायला दिलं. तो म्हणाला, "चापटा खाऊन खानदेशाला हसवणारा असा कलावंत पुन्हा होणार नाही." पुढच्या रांगेत सुकदेवची बायको आणि मुली बसल्या होत्या.

मी उठलो. दोघांनी माझा सदरा ओढून मला बसवायचा प्रयत्न केला.

"शेठ," मी म्हणालो, "दुसऱ्या भागात त्याने एकच चापट खाल्ली. ती मी फसवून मारायला लावली होती. तुमच्या पाटीवर माझं नाव लागावं म्हणून. त्याने पुढे काय केलं ते तुम्हाला कापायचं होतं. आता ते सांगा, आणि मग खाली बसा."

शेठने माईकवर हात ठेवला. मी बसलो नाही.