नदीपल्याड गेलेली वाघीण

मागच्या उन्हाळ्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साखऱ्याहून माझ्याकडे सेनगावला आली होती. डोळ्याची पट्टी निघाली, शेताची कामं नाहीत, दुपार काही सरेना. माझ्या लेकीनं मोबाइल टीव्हीला जोडला आणि विचारलं, "आजी, काय लावू?"

"ते वाघिणीचं सापडंल का? माणसं खाणाऱ्या वाघिणीचं. औंढ्याच्या जत्रंत पाहिलं होतं."

सिनेमाचं नाव तिलाही आठवत नव्हतं, मलाही नाही. पण लेकीनं शोधून काढलंच. पडद्यावर जंगल आणि बंदूक घेतलेला शिकारी दिसला, तशी आई सावरून बसली.

तो सिनेमा आमच्या घरातला होता म्हटलं तरी चालेल. मी पाचेक वर्षांची असेन. आजोळी गेलो होतो, तिथून बैलगाडीनं जत्रेला. तंबूतला सिनेमा, खाली सतरंजी. धाकटा भाऊ तेव्हा आईच्या पोटात होता. शिकाऱ्यांनी झाडाखाली म्हशीचं वगारू बांधलं, ते हंबरायला लागलं, आणि गवतातून वाघीण आली. मागून तिचं पिल्लू. आई उठली, मला कडेवर घेऊन सरळ बाहेर आली. बाबा शेवटपर्यंत आत बसले. गाडीत मी झोपून गेले.

पुढं तुरीच्या शेंगा सोलताना आई आम्हा भावंडांना ती गोष्ट सांगायची. वाघिणीच्या पायात जुना काटा मोडलेला, हरणामागं धावता येईना म्हणून ती माणसांवर आलेली. शिकारी नेम धरतो, तेवढ्यात त्याला पिल्लू दिसतं. तो बंदूक खाली करतो. वाघीण पिलाला तोंडात धरून नदी ओलांडते, आणि त्या गावाकडं पुन्हा येत नाही.

बाबा जवळच दावं वळत बसलेले असायचे. भाऊ त्यांना विचारायचा, "बाबा, खरंच असं झालं का?"

"व्हय. तुझी माय सांगती ते बराबर हाय."

मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आईनं शेवट पाहिलाच नव्हता. म्हणजे तो तिनं मनानं रचला आणि बाबांनी तिचं मन राखलं, असं मी धरून चालले. कमी बोलणाऱ्या माझ्या बापाची ती गोष्ट मला फार आवडायची. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

टीव्हीवर वगाराचा प्रसंग आला. मी आईकडं पाहिलं. ती उठली नाही. वाघीण आली, पिल्लू आलं. शिकाऱ्यानं नेम धरला आणि गोळी झाडली. वाघीण जागीच पडली. मग गावकऱ्यांनी तिला बांबूला उलटी टांगून वाजतगाजत नेलं. पिलाचं काय झालं ते कुणीच दाखवलं नाही.

लेकीनं टीव्ही बंद केला. आई मग म्हणाली, "मेली म्हणायची."

"आई, तू बनवलेला शेवट चांगला होता."

"मी कुठं बनवला? तुझ्या बाबानंच सांगितला, गाडीत. मी इचारलं, तिचं काय झालं हो? ते म्हणले, गेली नदीपल्याड, पिलू घेऊन. काट्याचंबी त्यायनंच सांगितलं."

"आणि तुला खरं वाटलं?"

"काहून न्हाई वाटणार? ते कधी खोटं बोलत नव्हते." ती पुढं म्हणाली, "मी पोटुशी होते ना. तंबूच्या बाहीर बसून रडत होते. त्यायनं पाहिलं आसंल."

एवढं बोलून ती हसली आणि पदरानं डोळा टिपायला लागली. ऑपरेशनचा डोळा, म्हणून मी तिचा हात धरला आणि स्वच्छ रुमाल दिला.

जरा वेळानं म्हणाली, "भावाला सांगू नको. त्याच्या लेकरायला तो तेच सांगून राहिला."

दिवाळीला मी साखऱ्याला गेले तेव्हा ओसरीवर आई स्वतःच नातवंडांना गोष्ट सांगत होती. तिनं त्यात थोडा बदल केला होता. आता शिकारी गोळी झाडत होता, पण ती लागत होती पळसाच्या खोडाला. आवाजानं वाघीण दचकून मागं पाहायची, आणि मग पिलाला तोंडात धरून पाण्यात उतरायची.

नातीनं विचारलं, "आजी, पाणी किती खोल होतं?"

"पिलाच्या पोटाला लागंल एवढं," आई म्हणाली.