रेषा हलती का?

“पांढरं दाखव की परत.” हे वाक्य ताईंनी दिवसातून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. म्हणायचं आणि लगेच येरझाऱ्या सुरू. पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती निदान जेवायला तरी बसतात. आमच्या ताई डबासुद्धा उभ्यानं खायच्या. अंगात कायम लालभडक कुर्ता.

सोलापूरच्या भवानी पेठेत एका माडीवर आमचं वर्कशॉप. ताई तिथे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा बनवायच्या, मी त्यांच्या हाताखाली. हा कॅमेरा रंगांच्या बारीक छटा सुट्या करून बघतो. त्यातला फिल्टर विजेचा दाब बदलला की एका वेळी एकच छटा आत सोडतो. डाळिंबावरचा तेल्या रोग आपल्या डोळ्यांआधी त्याला दिसायला हवा होता. माढ्याकडच्या एका पॅकहाउसची ऑर्डर होती. हंगामाआधी कॅमेरा पोचला नाही तर ऑर्डर जाणार आणि वर्कशॉपला कुलूप.

अशा कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते शिकवावं लागतं. समोर पांढरी फरशी ठेवायची; पडद्यावर जांभळ्यापासून लालपर्यंतच्या छटांची रेषा सरळ, स्थिर आली पाहिजे. आमची लाल रंगाच्या टोकाला सारखी वर उठायची, पुन्हा खाली बसायची.

“फिल्टर तापतोय,” ताई म्हणाल्या. वर पत्रा, त्यात सोलापूर. खापर फोडायला ऊन आयतंच होतं. पंखे लावले, दिवा बदलला, फिल्टर खोलून पुन्हा बसवला. रेषा काही ऐकेना. ताईंचा चेहरा उतरत चालला.

मग चुलतभावाच्या लग्नाला त्या मंद्रूपला गेल्या. त्या सकाळी मी एकट्यानं पांढरं दाखवलं आणि रेषा सरळ आली. फोनवर सांगताच बाई पंगतीतून उठून आल्या, लग्नातही लाल कुर्त्यातच. त्या आत आल्या आणि रेषा पुन्हा नाचायला लागली.

“सकाळी हितं काय न्हवतं?”

“तुमीच न्हवता, ताई.”

त्या फरशीपासून लांब गेल्या, रेषा बसली. जवळ आल्या, उठली. दिव्याचा उजेड कुर्त्यावर पडून लाल होऊन फरशीवर जात होता, आणि ताई काही एका जागी राहत नव्हत्या.

“काखेत कळसा की रे,” म्हणत त्या स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मी काळा कोट आणून दिला. “लई उकडतंय,” म्हणून त्यांनी तो काढून टाकला. “त्यापरीस मी भायेर थांबते. तू घे.” मग आमचं कॅलिब्रेशन चालायचं तेव्हा जिन्यात त्यांच्या चपला वरखाली वाजत असायच्या.

कॅमेरा वेळेत पोचला. वरून ठणठणीत दिसणारी रोगट फळं त्यानं पहिल्याच दिवशी बाजूला काढली, आणि लगेच ताईंचं मन उडालं. “हितं आता काय अडलंय?” म्हणत त्या हैदराबादला नव्या नोकरीवर गेल्या. वर्कशॉप चालू आहे, ते आता मी बघतो.

मधूनच फोन येतो. “रेषा हलती का रे?”

“न्हाय, ताई.”

“मग बरं हाय की.” मागे चपला वाजत असतात.

खरं सांगायचं तर मला करमत नाही. परवा पांढरं दाखवलं, रेषा सरळ आली. मी खुंटीवरची लाल चादर खांद्यावर टाकली आणि फरशीजवळून एक चक्कर मारली. रेषा उठली.