न्हाय म्हणणाऱ्याचा पाट

आमच्या आप्पांना कुणी पटकन ‘व्हय’ म्हटलं की त्यांचा चेहराच उतरायचा. लग्न होऊन वडगावहून मी शहापुरात आले, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी विचारलं, “झोप लागली का गं?” मी म्हटलं, “व्हय.” “घर आवडलं?” “व्हय.” “आमची आमटी तुझ्या आईच्या आमटीपेक्षा बरी हाय?” मी मान खाली घालून तिसऱ्यांदा “व्हय” म्हटलं. आप्पांनी कपाळाला हात लावला आणि चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंना हाक मारून म्हणाले, “ऐकलंस काय? पोरगी गुणाची हाय, पण खोटं लई बोलती.”

त्यांचं एक वाक्य गल्लीत म्हणीसारखं चालायचं. “व्हय म्हणणारा घाईत असतोय, न्हाय म्हणणाऱ्याला पाट द्या.” हा पाट खरोखरचा होता. फणसाच्या लाकडाचा, सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला टेकवून ठेवलेला. कुणी तावातावानं विरोध करायला आला की आप्पा स्वतः उठून तो मांडायचे, वर चहा सांगायचे. पाटावर बसून आणि हातात कपबशी घेऊन माणूस फार वेळ ओरडू शकत नाही. पुढं पुढं तर चहाची तलफ आली की गल्लीतल्या दोघातिघांना हटकून एखादी तक्रार आठवायची. सासूबाई आतून म्हणायच्या, “आला बघा, साखरेचा वैरी!” आप्पांना ते कळत नव्हतं असं नाही, पण ते चहापूड कमी पडू द्यायचे नाहीत.

आप्पा विणकर. आमच्या पेठेनं त्यांना गावच्या कमिटीवर निवडून दिलं होतं. कमिटीत काही ठरायचं असलं की ते घरोघर विचारत फिरायचे, पण सोप्यात कधी बसायचे नाहीत. “सोप्यात बसलं की घरचा मालकसुदिक पाव्हण्यासारखा बोलतोय,” म्हणायचे. थेट मागापाशी जाऊन उभे राहायचे. “माग थांबवू नगंस. विणत विणत सांग. हात कामात असला की तोंड खरं बोलतंय.” बायकांना विचारायला ते मागच्या दारी जायचे आणि धुण्याच्या दगडापासून चार हात लांब, पाठ करून उभे राहायचे. त्यांच्या पाठीला बायका काय काय सांगायच्या, ते त्यांच्या तोंडावर सांगितलं नसतं.

अशातच कमिटीनं पुढच्या पन्नास वर्षांच्या गावाचा नकाशा करायला एक साहेब बोलावले. पुण्याकडचे होते, मनानं चांगले. लोकांना विचारल्याशिवाय रेघ ओढायची नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. देवळात सभा भरली. साहेबांनी नकाशा उलगडून सांगितलं, की बाजारातून निघणारा मोठा रस्ता तुमच्या गल्लीतून जाईल, गल्ली दुप्पट रुंद होईल, खडी घालून सपाट करू. सगळी गल्ली एका आवाजात “व्हय” म्हणाली. कुणी तरी टाळ्याही वाजवल्या.

आप्पा घरी आले ते तोंड पाडून. जेवेनात. सासूबाई म्हणाल्या, “आता काय बिघडलं?”

“सगळ्यांनी व्हय म्हटलं.”

“मग बरंच झालं की.”

“अगं, मयताला खांदा द्यायचा म्हटलं तरी आमच्यात दोघं भांडत्यात. हितं एक न्हाय मिळंना? कायतरी चुकलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना गाठलं आणि म्हणाले, “नकाशा कागदावर हाय तवर सगळ्यांचाच असतोय. तेवढा जमिनीवर उतरवून दावा.” साहेबांना कल्पना आवडली. संध्याकाळी माणसांनी गल्लीत चुन्याच्या फक्कीनं रस्ता आखला. उजाडताना गल्लीत नेहमीप्रमाणे पांजणी सुरू झाली. लुगड्याचं उभं सूत बांबूंवर गल्लीभर ताणायचं आणि दोन्ही बाजूंनी कुंच्यानं त्याला खळ लावत जायचं. ऊन चढायच्या आत हे उरकावं लागतं. आमच्याकडं गल्ली म्हणजे रस्ता नव्हेच, ते मागाचं अंगण. ऐन पांजणीत आप्पा ओळखीच्या गाडीवानाची बैलगाडी घेऊन आखणीतून आले. मागं साहेब.

“आप्पा, गाडी मागं घ्या! सूत तुटंल!” खळ लावणारा एक जण ओरडला.

“का रं? रस्ता हाय न्हवं हा?” आप्पांनी विचारलं.

“रस्ता आमच्या पांजणीचा! रुंद करून देणार म्हटलंत न्हवं?”

सगळा उलगडा झाला. गल्लीला वाटलं होतं, सरकार पांजणीला ऐसपैस जागा करून देतंय. म्हणून त्या टाळ्या. साहेबांच्या डोळ्यांसमोर होत्या प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी. गल्लीभर “न्हाय, न्हाय” उठलं आणि आप्पांचा चेहरा असा खुलला, की जणू घरात नातू जन्मला.

साहेब हसले, पण अडचण त्यांनी स्पष्ट सांगितली. मग रस्ता घरांच्या मागच्या अंगानं न्यावा लागेल, आणि मागं पहिलं परडं लागतं ते आप्पांचं. गल्ली लगेच “व्हय” म्हणाली. दुसऱ्याच्या परड्याला न्हाय कोण म्हणतो!

परडं द्यायचं का, ते आप्पांनी घरी येऊन विचारलं. सासूबाई पदरानं डोळे टिपत “व्हय” म्हणाल्या. माझे यजमान “व्हय” म्हणाले. मग आप्पा माझ्याकडं वळले. “तुझं काय गं?”

परड्यातल्या आडाचं पाणी रोज पहाटे मीच शेंदत होते. मी म्हटलं, “न्हाय.”

आप्पा उठले, भिंतीचा पाट काढून माझ्यापुढं मांडला. “बस.” पुरुषांदेखत सोप्यात मी पहिल्यांदा बसले. “परडं जाऊ दे,” मी म्हटलं, “पण त्यातला आड बुजवायचा न्हाय. गल्लीची सगळी खळ त्याच पाण्यावर शिजती. पाणीच गेलं, तर गल्ली वाचवून काय करायची?” आप्पांनी सासूबाईंना सांगितलं, “सूनबाईला चहा दे. साखर जास्त घाल.”

आड राहिला. साहेबांची सरळ रेघ तिथं वाकली. अजूनही त्या वळणावर मोटारवाले शिंग वाजवतात आणि रस्ता आखणाऱ्याला शिव्या देतात. मी ऐकते आणि खुशाल हसते.

स्वराज्य येण्याच्या आधल्या हिवाळ्यात आप्पांनी अंथरूण धरलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “आठ दिवसांत हिंडाय लागशीला.” आप्पा नुसते छताकडं बघत राहायचे. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, “मी उठीन काय गं ह्यातनं?”

मी पेजेची वाटी खाली ठेवली. त्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, हे मी पहिल्या सकाळीच शिकले होते. मी म्हटलं, “न्हाय, आप्पा.”

किती दिवसांनी ते मनापासून हसले. मोठ्या कष्टानं अंग एका बाजूला सरकवलं, अंथरुणावर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाले, “बस.”