पांढऱ्या हंसांचा फॉर्म

“मोठ्याने वाच, मेट. तुझा आवाज बरा आहे.”

कुठलाही कागद हातात आला की तो एवढंच म्हणायचा आणि कागद समोरच्याच्या पुढे सरकवायचा. परदेशात, ट्रुगानिना या उपनगरातल्या ज्या गोडाऊनमध्ये मी युनिव्हर्सिटी सांभाळून शिफ्ट करायचो, तिथला हा फोर्कलिफ्टवाला. गोरा, साठीला टेकलेला. त्या वर्षांत आम्ही विद्यार्थी तिथे इतके होतो, की सुपरवायझर आम्हाला जॅकेटवरच्या नंबराने हाका मारायचा. याला मात्र आमची नावं पाठ होती, आडनावांसकट, जरी बोलताना सगळ्यांना ‘मेट’, म्हणजे दोस्त, म्हणत असला तरी.

त्याला एकदा कॅनडाला जायचं होतं. तिथे वसंतात स्नो गूज, म्हणजे पांढरे रानहंस, हजारोंनी उत्तरेकडे निघतात. गाइडबरोबर शेतात जायचं, प्लास्टिकचे हंस मांडायचे, त्यांच्यामध्ये पांढरे कपडे घालून आडवं पडायचं आणि वरचा थवा उतरायची वाट बघायची. वडिलांची बंदूक घेऊन. आयुष्यात एकदाच, बस्स.

गाइडला त्याने माझा ईमेल दिला होता. स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, मी वाचायचो आणि तो डोळे मिटून ऐकायचा. बर्फ वितळेल तसे थवे पुढे सरकतात, त्यामुळे कुठल्या शेतात जायचं ते आदल्या दिवशी ठरेल, असं गाइडने लिहिलं होतं. ते त्याने तीनदा वाचून घेतलं.

डिस्पॅचला आमचा एक वसईकर होता. तो मला सोडायचा नाही. “काय रे, विहारात पहिलं शील काय म्हणतोस? प्राणिहत्या करणार नाही. आणि इथे हे काय चाललंय?”

“मी फॉर्म भरतोय, बंदूक नाही.”

“हे तुझ्या आईला सांगून बघ!”

एकदा मी म्हाताऱ्याला गाइडने पाठवलेली सामानाची यादी वाचून दाखवली. पांढरं जॅकेट, गमबूट, कानाचे बोळे, अशा वीसेक वस्तू. तीन दिवसांनी त्याने ती त्याच क्रमाने म्हणून दाखवली, कंसातल्या सूचनांसकट. वसईकर म्हणाला, “काय डोकं आहे यार!”

माझे वडील असेच. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाची नोटीस त्यांनी एकदा कुणाकडून ऐकली आणि घरी येऊन आईला पूर्ण म्हणून दाखवली. तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल. ज्याला वाचता येतं तो इतकं लक्षात ठेवत नाही. त्याला गरज नसते.

घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्याचा मला माज होता, अजूनही आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्याला वाचायला शिकवायला एबीसीडीच्या मोठ्या अक्षरांचे चार कागद छापून नेले. त्याने ते पाहिले, नीट घडी घातली आणि परत दिले.

“मी शाळेत नाही चाललो, मेट. शिकारीला चाललोय.”

आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. मग स्वतःच आला. बंदूक कॅनडात नेण्याचा फॉर्म होता. आधी भरून ठेवला तरी सही तिथे विमानतळावर, ऑफिसरसमोर करायची.

“आणि तो म्हणाला, इथे अजून दोन ओळी लिही, तर?”

“तर सांगायचं.”

“काय?”

“येत नाही म्हणून.”

“लग्नानंतर कितीतरी वर्षं बायकोला कळू दिलं नाही मी. त्यापेक्षा जातच नाही.”

तिकीट झालं होतं, रजाही मंजूर होती. मी म्हटलं, आपण तालीम करू. वसईकराला एवढंच सांगितलं, की म्हातारा विमानतळाला घाबरतोय, तू ऑफिसर हो.

रजेआधीच्या त्याच्या शेवटच्या शिफ्टला कँटीनमध्ये वसईकर टेबलापलीकडे ताठ बसला. आजूबाजूला दहा-बारा मुलं डबे गरम करत होती.

“बंदूक कोणाची?”

“वडिलांची होती. आता माझी.”

“नंबर?”

त्याने घडाघडा सांगितला. वसईकर रंगात आला. डिलिव्हरीचा एक कागद त्याने उलटा केला आणि पेनासकट पुढे ढकलला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

“कॅनडातला मुक्कामाचा पत्ता लिहा, सर.”

त्याने पेन हातात घेतलं. मग टेबलावर आडवं ठेवलं.

“मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा.”

जरा जास्तच मोठ्याने बोलला तो. मुलांनी वळून पाहिलं. वसईकराचं तोंड उतरलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कागद स्वतःकडे ओढला.

“सांगा, सर. सावकाश.”

सोमवारी त्याच्या फोर्कलिफ्टवर दुसरा कुणी होता. त्याच महिन्यात मला ऑफिसातली नोकरी लागली आणि मी ट्रुगानिना सोडलं. त्याला हंस मिळाले की नाही, मला माहीत नाही. तिकडचा ऑफिसर कसा निघाला, तेही नाही. आमचा ऑफिसर मात्र त्या दिवशी स्मोको संपल्याची घंटा झाली तरी उठला नाही. गाव, मुक्कामाकडे जाणारा रस्ता, पिनकोड, सगळं उतरवून होईपर्यंत मान खाली घालून लिहीत राहिला.