पत्र्यावरचे दगड

लातूरकडे भूकंप झाला, त्या वर्षी आमच्या पाथर्डी भागातल्या माणसांनी माळवदाचा धसका घेतला. मातीचं जड छत अंगावर आलं की माणूस जागच्या जागी गाडला जातो, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या थोरल्या भावानंही माळवद उतरवून पत्रे टाकले. पत्रे वाशांना आवळायला हूक लागतात. ते आणायला त्याला वेळ नव्हता, ऊसतोडीचा ट्रक येऊन उभा होता. मग आमच्याकडे सगळे करतात तेच त्यानं केलं. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून कडेकडेनं दगड ठेवले, आणि जाताना मला हूक आणून आवळून घ्यायला सांगितलं.

भाऊ-वहिनी दरवर्षी जोडीनं तोडीला जायचे. त्या वर्षी वहिनीला सातवा महिना लागणार होता, म्हणून ती घरी राहिली. मी शाळामास्तर. हूक आणले आणि पिशवीसकट खुंटीला अडकवून ठेवले. हा रविवार, तो रविवार. मास्तरांचा रविवार काही उगवत नाही, असा वहिनीनं टोमणाही मारला. मी हसण्यावारी नेला. कामाला मागे आणि उपदेशाला पुढे, अशी माझी जात. शाळेत पोरांना सांगायचो तेच मी तिलाही पढवलं: जमीन हलली की मागंपुढं न बघता बाहेर पळायचं. दोनदा तिच्याकडून करूनही घेतलं.

धक्का आला तो भर दुपारी, अगदी हलका. रविवारच होता. मी अंगणात पेपर तपासत बसलो होतो. वहिनी आतून पळत आली, मी शिकवलं होतं तशीच. तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि वरचा दगड घरंगळून तिच्या खांद्यावर आला. ती पोटावर पडली. जीपमध्ये घालून तिला तालुक्याला नेली. वहिनी वाचली, मूल गेलं.

घराला काहीच झालं नव्हतं. भिंतीला तडा नाही, की पत्रा जागचा हललेला नाही. लोक येऊन बघायचे आणि पत्र्याचं कौतुक करायचे. मला त्यांचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

भाऊ कारखान्यावरून आला. मी त्याला सगळं सांगितलं, हूक आणून तसेच ठेवले होते हेही. वहिनीला घरी आणली त्या दिवशी तो वर चढून दगड उतरवायला लागला. मी खालून एकेक घेत होतो. वहिनी अंगणात बाजेवर होती, हात गळ्यात बांधलेला. तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भावजी, पुन्यांदा हाललं तर घरात थांबायचं का भाईर पळायचं?" तिनं विचारलं.

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि असलं काही विचारायला तिला मीच एक होतो.